नलूताईंनी निवडलेला ड्रायव्हर

ईशान, मीरा,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशान वैतागलेला होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजणीची यंत्रं संगणकाला जोडायची होती, त्यासाठी तीन तऱ्हेचे ड्रायव्हर समोर होते आणि कुठला घ्यावा ते त्याचं ठरत नव्हतं. "जाऊ दे आजी, तुला कंटाळा येईल," म्हणून तो विषय बदलायला निघाला. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "कुठलाही घे, पण जोडल्याबरोबर तो यंत्र रीसेट करतो का ते आधी बघ." मग मीराचं डोकं स्क्रीनमध्ये घुसलं. "आजी, हे तुला कोणी सांगितलं?"

नलूताई म्हात्रेंनी. म्हणजे त्यांनी सांगितलं असं नाही. माझ्या डोळ्यांदेखत त्या ते शिकल्या, आणि शिकता शिकता त्यांची लॅब जायची वेळ आली होती. फोनवर हे सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसले. ईशानला ड्रायव्हरपुरतंच वाचायचं असेल तर त्यानं सुरुवातीची पानं गाळली तरी चालतील. मीरानं गाळू नयेत.

पेणच्या शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि पुढं काही वर्षं रोह्याला 'कुठल्याशा लॅबमध्ये' जात होते, इतकं तुम्हाला ठाऊक आहे. तुमची आई अजूनही ती रक्त-लघवी तपासायची लॅब समजते. ती लॅब नलूताईंची, आणि तिथं तपासायला माणसं नाही, यंत्रं येत. कारखान्यात तापमान, दाब, व्होल्टेज मोजणारी जी साधनं असतात ती स्वतः खरं बोलतात का, हे अधूनमधून कुणाकडून तरी तपासून घ्यावं लागतं. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. रोह्याच्या एमआयडीसीत बॉयलर दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारच्या गाळ्यात नलूताईंनी हे काम मांडलं होतं. बॉयलरवाल्याकडे दिवसभर घणाचे घाव चालत आणि त्यावरून नलूताईंचा आवाज ऐकू येई.

त्या पहिल्यांदा माझ्या दारात आल्या त्या एक पत्र घेऊन. एका गिऱ्हाइकाला पाठवायचं इंग्रजी पत्र होतं. "टीचर, माझं इंग्लिश बरोबर हाय," त्या म्हणाल्या, "पण वाचणाऱ्याला मी रागावल्यासारखी वाटते. जरा हसरं करून द्या." पत्रात दोनच वाक्यं होती: तुमचं यंत्र चुकीचं आहे, घेऊन जा. मी ते नीट चार ओळींचं करून दिलं. त्यांनी चष्मा चढवून वाचलं आणि म्हणाल्या, "एवढं गोड लिहिल्यावर तो दुरुस्त कशाला करील?" तरी पत्र तेच पाठवलं, आणि पुढच्या महिन्यापासून मला पत्रं, प्रमाणपत्रं आणि यंत्रांबरोबर येणारी जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचायच्या कामावर ठेवून घेतलं. त्या मला टीचर म्हणत. मी वयानं बरीच मोठी, पण सगळं रोहा त्यांना ताई म्हणत असे, म्हणून मीही म्हणे.

नलूताई मूळच्या गडबच्या. घरी भाताची शेती, भातामागून वाल. त्यांच्या वेळी त्या गावातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायला गेलेली दुसरी मुलगी नव्हती. एका कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट विभागात त्यांनी शिफ्टमध्ये काम केलं, आणि तिथल्या साहेबापेक्षा आपल्याला जास्त कळतं अशी खात्री पटल्यावर स्वतःची लॅब काढली. ही खात्री त्या लपवत नसत. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि पायांत काळे सेफ्टी शूज. गिऱ्हाइकाशी 'आहे, नाही', आमच्याशी 'हाय, नाय', आणि खूप राग आला की फक्त इंग्रजी.

त्यांचं एक वाक्य मी पेणमधल्या माझ्या मैत्रिणींनाही शिकवलं आहे. "चुकणाऱ्याचं भय नाय टीचर. जो रोज तेवढाच चुकतो त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. कधी बरोबर, कधी चूक, त्याला दारात उभं करू नये." यंत्रांबद्दलचं वाक्य, पण त्या माणसांनाही लावत. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ते "पाच मिनिटांत आलोच" म्हणाले की पाऊण तासानं येत. एकदा ते खरोखरच पाच मिनिटांत हजर झाले, तर नलूताईंनी दारातच विचारलं, "बरं नाय वाटत का?"

पेणच्या एका पापड करणाऱ्या बायकांच्या गटाचं त्यांनी एक काम केलं, तेही सांगते. पावसाळ्यात पापड सुकवायला त्यांनी विजेवर चालणारं कपाट घेतलं होतं आणि पापड कधी कच्चे राहत, कधी चिरत. त्यांनी थर्मामीटर खराब म्हणून तो लॅबमध्ये आणला. नलूताईंनी तपासला. थर्मामीटर उत्तम होता. दुसऱ्यांनी तसं लिहून परत पाठवला असता. नलूताई मला घेऊन पेणला कपाट बघायला आल्या. थर्मामीटर टांगायचा खिळा पंख्याच्या तोंडासमोर होता.

"हा खरं बोलतोय गो," त्या बायकांना म्हणाल्या. "तुम्ही त्याला विचारताय वाऱ्याचं, आणि तुम्हाला पायजे पापडाचं."

"मंग खिळा कुटं मारू?" त्यांतली एक म्हणाली.

"पापडाला विचार. तो जिथं बसतो तिथं." खिळा हलला. त्या दिवाळीला आमच्या दोघींच्या घरी इतके पापड आले की भाऊंनी ते शेजारी वाटले.

आता त्यांच्या सकाळच्या रिवाजाकडे येते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. लॅबमध्ये एक मोठा जुना मीटर होता. विजेशी संबंधित काहीही फार बारकाईनं मोजणारा, आणि लॅबमधल्या सगळ्या मोजमापाचा आधार. सकाळी कुलूप उघडलं की पहिला तो चालू व्हायचा. मग तासभर त्याच्याकडे कुणी फिरकायचं नाही. "त्याचं अंग तापू दे," त्या म्हणत, आणि ते खरंच असतं, अशी यंत्रं गरम झाल्यावरच स्थिर होतात. तासाभरानं त्या हात धुऊन, पदराला पुसून मीटरसमोर बसत आणि दिवसभराच्या कामाला लागतील ती सगळी बटणं स्वतःच्या बोटांनी लावत. हे झालं की जाहीर करत, "आता कुणी हात लावायचा नाय." त्यांचा तंत्रज्ञ दिलीप चाळिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप, पण त्या मीटरची बटणं त्यानंही कधी दाबली नव्हती. दिलीप वाचून दाखवी, मी लिहून घेई, आणि असं ते छान चाललं होतं.

लॅबचं निम्म्याहून जास्त काम नागोठण्याजवळच्या एका कंपनीकडून येई. तिथं कापडाचे रंग बनत. मोठ्या पिंपांत रसायनं ठरावीक तापमानाला शिजवायची, आणि तापमान अंशभर इकडंतिकडं झालं तरी रंगाची छटा बदलते, माल वाया जातो. त्यामुळं तिथले तापमानाचे सेन्सर सतत आमच्याकडे तपासायला असत. तिथले इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर शेखसाहेब. एका पावसाळ्यात त्यांनी नलूताईंना बोलावून सांगितलं की वरून नियम आला आहे. दिवाळीनंतर हातानं लिहिलेली मोजणी चालणार नाही. आकडा यंत्रातून सरळ संगणकात गेला पाहिजे, मध्ये माणसाचा हात नको. ते जमलं तर वार्षिक शटडाऊनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून सगळी यंत्रं तपासतात तेव्हाचं, सगळं काम तुमचं. नाही जमलं तर मुंबईची लॅब तयार आहे.

"मुंबईला गेलं की परत येत नाय," नलूताई लॅबमध्ये येऊन म्हणाल्या. "आणि ते गेलं की या गाळ्याला कुलूप." दिलीपनं मान खाली घातली. त्याला दुसरी नोकरी रोह्यात तरी मिळणार नव्हती.

आता ईशान, तुझं प्रकरण. मीरासाठी सोपं करून सांगते. संगणक आणि यंत्र एकमेकांची भाषा बोलत नाहीत, म्हणून मध्ये दुभाषी लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्यासमोर तीन दुभाषी होते. पहिला, यंत्र बनवणाऱ्याचा स्वतःचा. त्याला त्या यंत्राची खडान्‌खडा माहिती, पण दुसऱ्या कुणाचं यंत्र आणलं की तो मुका. दुसरा सामायिक. सगळ्या मीटरना जे जे साधारण येतं तेवढं तो बोलतो, त्यामुळं उद्या मीटर बदलला तरी आपला प्रोग्रॅम तोच राहतो. तिसरा म्हणजे दुभाषीच नको. यंत्राच्या पुस्तकातल्या आज्ञा एकेक करून आपणच लिहून पाठवायच्या. कष्ट सगळ्यांत जास्त.

हा विषय आम्ही मेमूतसुद्धा सोडत नसू. सकाळच्या दिवा-रोहा गाडीत मी पेणला चढे, त्या कासूला, आणि मी त्यांची जागा धरून ठेवलेली असे. एकदा आमचं "हा ड्रायव्हर बरा की तो" असं बराच वेळ चाललं, तेव्हा समोरची सुकी मासळी विकणारी बाई न राहवून म्हणाली, "ड्रायवर पायजे का गो बाय? माझे भावाचा पोर हाय, टेम्पो चालवतंय. दारू पीत नाय."

नलूताई गंभीरपणे म्हणाल्या, "सांगितलेलं ऐकतो का?"

"त्यो कुणाचा ऐकतंय!"

"मग नको. तसले तीन हायत आमच्याकडे."

ठाण्याहून एक विक्रेते गृहस्थ आले होते. त्यांचं म्हणणं, जुना मीटर काढून टाका, आमचा नवा घ्या, त्याचा स्वतःचा ड्रायव्हर बरोबर येतो, एका दिवसात सगळं चालू. बोलणं सभ्य होतं आणि खोटंही नव्हतं. नलूताईंनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "तुमचा नवा मीटर पुढच्या पाच वर्षांत कुठल्या बाजूला आणि किती सरकेल, सांगता का?"

"ते कसं सांगणार मॅडम?"

"या जुन्याचं मला ठाऊक आहे. नवीन सून चांगलीच असेल हो. पण स्वयंपाकघर लगेच हातात देत नाही कुणी."

अखेर सामायिक ड्रायव्हर ठरला. उद्या जुना मीटर गेलाच तर नवा आणून त्याच प्रोग्रॅमला जोडता येईल, हा त्यांचा हिशेब. तो बरोबरच होता. दिलीपनं प्रोग्रॅम लिहिला, मी पुस्तकातले इंग्रजी उतारे सोपे करून देत गेले. दसऱ्याच्या सुमारास पहिल्यांदा मीटरमधला आकडा आपणहून पडद्यावर उमटला, तेव्हा दिलीपनं शेजारच्या बॉयलरवाल्यालाही बघायला बोलावलं. त्यानं बराच वेळ बघून विचारलं, "म्हणजे आता तुम्ही तिघं काय करणार?"

दिवाळीनंतर नागोठण्याहून सेन्सरचा पहिला गठ्ठा आला. नलूताईंनी सकाळी नेहमीप्रमाणं मीटर तापू दिला, बटणं लावली, "आता कुणी हात लावायचा नाय" म्हणाल्या, आणि दिलीपनं संगणक सुरू केला. संध्याकाळपर्यंत सगळे सेन्सर मोजून झाले. सगळेच साधारण एक अंश जास्त दाखवत होते. मी प्रमाणपत्रं तयार केली, नलूताईंनी सह्या केल्या, ती शेखसाहेबांना ईमेलनं गेली. सेन्सरही त्याच संध्याकाळी कंपनीच्या गाडीनं परत गेले, एक जादाचा तेवढा आमच्याकडे राहिला. आता ते आपल्या पिंपांच्या हिशेबात तो एक अंश वजा करून घेणार, म्हणजे सगळं ठीक. तेव्हा तरी आम्हाला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी नलूताई कासूला चढल्या त्या कालच्या प्रमाणपत्रांच्या प्रती चाळतच. आंबा नदीचा पूल ओलांडला, नागोठणं आलं, गाडी सुटली, तेव्हा कुठं बोलल्या.

"टीचर, तुमच्या वर्गात कधी सगळ्या पोरांनी एकच चूक केली होती का?"

"हो. केली होती."

"मग तुम्ही काय समजलात?"

"समजले की शिकवणारीनं चुकीचं शिकवलंय."

त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "एका आईची दोन लेकरं सारखी चुकत नायत. एवढे सेन्सर एकाच मापानं कसे चुकतील? ते नाय चुकले. आपण चुकलो." त्यांनी लगेच शेखसाहेबांना फोन लावला. तो बंद. त्या कंपनीत पेट घेणारी रसायनं असल्यामुळं मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. ऑफिसात फोन केला तर कारकून म्हणाला, साहेब प्लांटमध्ये आहेत, दुपारच्या शिफ्टला नवीन बॅच लागायची आहे. चांगल्या सेन्सरमधून एक अंश वजा केला, की ती सगळी बॅच चुकीच्या तापमानाला शिजणार.

"परत नागोठण्याला जाऊ या का?" मी विचारलं.

"नुसता संशय घेऊन जाऊन काय करू? आधी खात्री."

लॅबमध्ये पोचल्यावर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच मीटर पुरता तापायची वाट पाहिली नाही. काल मोजलेल्यांतला तो मागं राहिलेला सेन्सर तेलाच्या बाथमध्ये, म्हणजे ठरावीक तापमानाला धरलेल्या तेलाच्या टाकीत, बुडवला आणि मीटरची नेहमीची बटणं लावून हातानं मोजला. अगदी बरोबर. मग त्या मीटरसमोर स्टूल ओढून बसल्या, तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं आणि म्हणाल्या, "दिलीप, आता जोड संगणक."

दिलीपनं कळ दाबली. मीटरच्या आतून 'टक्' असा आवाज आला आणि पडद्याच्या कोपऱ्यातली चार तारांची छोटी खूण नाहीशी झाली.

हे मला त्यांनी तिथंच समजावलं. तापमान वाढलं की सेन्सरचा विजेला होणारा विरोध वाढतो, आणि मीटर तो विरोध मोजतो. दोन तारांनी मोजला तर तारांचा स्वतःचाही विरोध त्यात मिसळतो, आकडा फुगतो. चार तारांची पद्धत लावली की तारांचा भाग वगळला जातो. नलूताई रोज सकाळी चार तारा लावत. आणि आमचा ड्रायव्हर जोडणी होताच मीटरला पहिल्यांदा कारखान्यातून आला तसा कोरा करत होता. पुढं प्रोग्रॅम त्याला फक्त 'विरोध मोज' असं सांगे. कोरा मीटर बापडा साध्या, दोन तारांच्या पद्धतीनं मोजून मोकळा. चार तारांचा उल्लेख दिलीपनं प्रोग्रॅममध्ये केला नव्हता, कारण ते काम ताईंच्या बोटांचं. दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये ही चूक झाली नसती, कारण दुसऱ्या कुठंच अशी रोजची पूजा होत नव्हती.

मी ड्रायव्हरचं पुस्तक काढून वाचलं. तिथं स्वच्छ लिहिलं होतं: वेगळं सांगितलं नसेल तर जोडणीबरोबर यंत्र रीसेट होईल. ते पान मी आधी वाचलेलं होतं. आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"चला टीचर," नलूताई उठल्या. "पत्र हसरं करायला तुम्ही लागाल." पण पत्र लिहायला वेळच नव्हता, आणि असलं काम कारकुनाच्या निरोपावर सोडायची त्यांची तयारी नव्हती. बॉयलरवाल्याच्या टेम्पोत पुढं आम्ही दोघी बसलो आणि नागोठण्याच्या वाटेला लागलो.

कंपनीच्या गेटवर निरोप आत गेला. शेखसाहेब पिवळं हेल्मेट काखेत धरून बाहेर आले.

"म्हात्रेबाई, तुम्ही इथं? काल रिपोर्ट मिळाला. करेक्शन टाकून झालं."

"ते काढा साहेब. सेन्सर चांगले आहेत. रिपोर्ट माझा चुकला."

शेखसाहेबांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं. मग त्यांनी शिपायाला आत पिटाळलं, "कंट्रोल रूमला सांग, कालचं करेक्शन सगळं काढा, मी येईपर्यंत बॅच लावू नका." आणि पुन्हा वळले. "हातानं लिहीत होता तेव्हा असं कधी झालं नव्हतं."

"नाही झालं."

"मुंबईची लॅब रोज फोन करते मला."

"करणारच. त्यांना काम पाहिजे."

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

मला वाटलं, आता त्या विनवतील, जुन्या ओळखीचं काढतील. नलूताईंनी पदर खोचला. "तुम्ही पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये या. मीटर तुमच्या हातानं पाहिजे तसा बिघडवा. मग मी मोजून दाखवीन. त्यात चुकले तर काम खुशाल मुंबईला द्या, मी फोनपण नाही करणार."

"मी मनापासून बिघडवीन हां," शेखसाहेब म्हणाले.

"मनापासूनच बिघडवा."

परत आल्यावर दिलीपचं मत अगदी सरळ होतं. "ताई, ड्रायव्हरला सांगू, रीसेट करू नको. रीसेटसमोरची एक खूण काढायची, बस. तुम्ही लावलेलं जसंच्या तसं राहील." मलाही ते पटलं. एका खुणेचं काम.

नलूताईंनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. दुपारभर त्या मीटरकडे बघत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "नको. ड्रायव्हर बरोबर वागला. कामाला बसण्याआधी तो पाटी पुसतो. काल पाटीवर कुणी काय गिरवलंय, ते त्यानं का मानावं? चूक आपली. मी पाटीवर लिहून ठेवलं आणि प्रोग्रॅमला सांगितलंच नाय. रीसेट राहू दे. पाहिजे ते सगळं आता प्रोग्रॅमच सांगील. चार तारा, सावकाश मोज, मोजायचा पल्ला एवढाच ठेव. आणि प्रत्येक आकड्याआधी मीटरला उलट विचारायचं, बाबा, आता तू कसा बसलायस? उत्तर चुकलं तर आकडा घ्यायचा नाय."

"मग सकाळी तुम्ही बटणं..." दिलीप अडखळला.

"नाय लावायची," नलूताई म्हणाल्या. हे बोलताना त्यांचा आवाज बॉयलरवाल्यापर्यंत गेला नसेल.

तो आठवडा दिलीपनं आणि त्यांनी मिळून प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. सामायिक ड्रायव्हर तोच ठेवला. सकाळी मीटर तापत असे आणि तासाभरानं नलूताईंचे हात आपोआप धुतले जात, पदराला पुसले जात, आणि मग त्या मध्येच थांबत. एकदा त्यांचं बोट बटणापर्यंत गेलेलं मी पाहिलं. दिलीपनं नुसतं खाकरून दाखवलं. "कळतंय रे, कळतंय," म्हणून त्यांनी हात मागं घेतला.

शेखसाहेब आले ते शब्दाला जागले. त्यांनी मीटर दोन तारांवर ठेवला, पल्ला भलताच केला, शिवाय विरोधाऐवजी व्होल्टेजवर लावून टाकला. नलूताई दोन्ही हात पाठीमागं बांधून भिंतीशी उभ्या राहिल्या, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर मुलं राहतात तशा. दिलीपनं कळ दाबली. टक्. चार तारांची खूण आपणहून उगवली. आकडा आला. शेखसाहेबांनी बरोबर आणलेल्या, दुसरीकडे तपासलेल्या सेन्सरच्या कागदाशी तो ताडून पाहिला आणि पुन्हा मीटर बिघडवला. पुन्हा तोच आकडा. मग ते हट्टालाच पेटले. मोजणी चालू असताना मध्येच बटण दाबलं. संगणकानं आकडा घेतलाच नाही. मीटर सांगितल्याप्रमाणं बसलेला नाही, अशी सूचना लाल अक्षरांत दिली.

"अरे, हा तर मलाच ओरडतो!" शेखसाहेब हसले.

"मी सांगितलंय त्याला," नलूताई म्हणाल्या. "साहेब असला तरी सोडू नको."

"बाई, तुमचे हात सोडा आता मोकळे. शटडाऊनला या."

दिलीपनं चहा सांगितला आणि शेजारच्या बॉयलरवाल्यालाही बोलावून घेतलं. नलूताईंचे हात मात्र चहा येईपर्यंत पाठीमागंच होते. आपण ते बांधलेत हे त्या विसरल्या होत्या.

ते शटडाऊनचं काम झालं, त्यापुढच्या वर्षीचंही झालं. गाळा उघडा राहिला. पुढं माझ्या गुडघ्यांनी गाडीच्या पायऱ्या चढायला नकार दिला आणि मी जायचं थांबवलं. निरोपाचं असं काही झालं नाही; नलूताईंना ते आवडतही नसे.

शेवटच्या दिवशी मी गाळ्यात शिरले तेव्हा मीटर तापून तयार होता आणि संगणकाचं काम सुरू झालेलं होतं. नलूताई स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर स्टीलचं पातेलं, त्यात रात्री भिजवून मोड आलेले गडबचे वाल. एकेक दाणा चिमटीत धरून त्या साल काढत होत्या आणि पांढरी डाळिंबी वाटीत टाकत होत्या. मीटरमधून टक् झालं की मान वर करून पडद्याच्या कोपऱ्यात खूण आली का बघत, आणि पुन्हा वाल सोलायला लागत.

"या टीचर," मान न उचलता त्या म्हणाल्या. "दुपारी बिरडं हाय. बसा, हात लावा."